अंगडं वर करून बघा: लहान मुलांचा दमा ओळखणं आणि सांभाळणं

माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. डिसेंबरातली रात्र, आम्ही तेव्हा पुण्यात धायरीला राहायचो. तो तीनच्या सुमारास खोकत उठला. मी पाठ चोळली, कोमट पाणी पाजलं, 'कफ झालाय' म्हणून स्वेटर चढवून पुन्हा कुशीत घेतलं. सकाळी नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी त्याचा स्वेटर आणि अंगडं वर केलं आणि म्हणाल्या, "ताई, आधी इथे बघा." प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, पोट भात्यासारखं उडत होतं. रात्रभर तो माझ्या शेजारी असाच श्वास घेत होता आणि मी लोकरीच्या वरून त्याला थोपटत होते.

त्याआधीच्या दहा महिन्यांत त्याची पाच वेळा 'छाती भरली' होती. प्रत्येक वेळी खोकल्याचं औषध मिळालं, तीनदा अँटिबायोटिकही. दमा हा शब्द आधीच्या दवाखान्यात कुणी उच्चारला नाही आणि आम्हीही विचारला नाही. घरात दमा म्हणजे चुलतआजोबांची खाट आणि त्यांची रात्रभराची धाप एवढंच ठाऊक होतं. तो शब्द बाळाला लावायचा कसा?

मी डॉक्टर नाही. औषधाची मात्रा तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायची. पण पाच वर्षांखालच्या मुलाचा दमा कुठल्याही एका तपासणीत पकडता येत नाही. फुंकून करायची स्पायरोमेट्री साधारण पाचव्या-सहाव्या वर्षानंतर जमते, आणि एक्स-रे दुसरं काही नाही ना, हे बघायला काढतात. डॉक्टरांना निदान करायचं असतं ते मुख्यतः घरच्यांनी काय पाहिलं यावरून. म्हणून आधी बघायला शिकायचं.

पहिली पायरी: श्वास बघणं आणि मोजणं

मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगडं गळ्यापर्यंत वर करा. दिवा लावा. मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण साठ सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद चाललाय. तापातही श्वास वाढतो, तेव्हा ताप उतरल्यावर पुन्हा मोजा.

मग तीन जागा बघा: बरगड्यांच्या मधली आणि खालची कातडी, गळ्याखालची खळगी, नाकपुड्या. श्वासागणिक कातडी आत जाते का, खळगी खोल होते का, नाकपुड्या फुलतात का? याचं उत्तर 'हो' असेल, तर मूल श्वासासाठी कष्ट करतंय, मग आवाज येवो न येवो.

आवाज ऐकायला कान तोंडाजवळ न्या. दम्याचा आवाज बहुधा श्वास सोडताना येतो, बारीक शिट्टीसारखा, सुंई-सुंई. नाकात शेंबूड भरल्यावर जी घरघर येते ती वेगळी. नाक साफ केलं की ती कमी होते. श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज आणि भुंकल्यासारखा खोकला असेल, तर तो घशाकडचा त्रास असतो. त्यासाठीही डॉक्टर गाठायचेच, पण तो दमा नव्हे.

मूल निरोगी असताना एकदा हे सगळं करून ठेवा. त्याचा नेहमीचा आकडा ठाऊक असेल तर बिघडलेला लगेच कळतो.

प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे

साधारण तीनातल्या एका मुलाला तिसऱ्या वाढदिवसापर्यंत कधी ना कधी अशी घरघर होते. लहानग्यांच्या श्वासनळ्या मुळात अरुंद असतात, सर्दीच्या विषाणूने सुजल्या की शिट्टी वाजू लागते. त्यांतल्या बऱ्याच मुलांचं हे शाळेच्या वयापर्यंत आपोआप थांबतं. दम्याकडे बोट दाखवतो तो पुनःपुन्हा दिसणारा क्रम. साधी सर्दी झाली की दर वेळी छातीत उतरते आणि खोकला दहा दिवसांच्या पुढे रेंगाळतो. पहाटे ढास लागते. पळाल्यावर, खदखदून हसल्यावर, रडल्यावर खोकल्याची उबळ येते. सर्दी नसतानाही घरघर होते. सोबतीला मुलाला त्वचेचा इसब किंवा सततच्या शिंका, किंवा आईवडिलांपैकी एकाला दमा असेल, तर संशय आणखी पक्का.

माझ्या नवऱ्याला लहानपणी 'बाळदमा' होता. हे आम्हाला निदानानंतर सासूबाईंकडून कळलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही घरात विचारा.

काही खुणा दिसल्या तर मात्र 'दमा असेल' म्हणून थांबायचं नाही. चांगलं खेळणारं मूल शेंगदाणा, फुटाणा किंवा खेळण्याचा तुकडा तोंडात असताना एकदम ठसकलं आणि त्यानंतर घरघर सुरू झाली, तर वस्तू श्वासनळीत अडकलेली असू शकते. नंतर मूल शांत झालं तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जन्मापासूनचा त्रास, वजन न वाढणं, बारा महिने ओला खोकला, दूध पिताना दर वेळी ठसका, घरात कुणाला क्षयरोग असणं, या गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा.

वही आणि व्हिडिओ

दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल पुष्कळदा हसतखेळत असतं, आणि 'रात्री फार त्रास झाला' या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. म्हणून रात्रीच, दिवा लावून, उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद करा. माझ्या अनुभवात कुठल्याही कागदाच्या चळतीपेक्षा हा व्हिडिओ कामी आला.

आणि एक साधी वही. तारीख, दिवसा खोकला, रात्री जाग, खेळ थांबला का, पंप (औषध श्वासातून देणारा इनहेलर) किती वेळा लागला, आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं. आमच्या वहीत दोन महिन्यांनी जे दिसलं ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं: जोरात झटका आलेल्या सातपैकी चार वेळा आदल्या संध्याकाळी मच्छरांची कॉइल लावलेली होती.

औषधांचे दोन डबे

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगते.

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनळीभोवतीचा स्नायू आवळतो आणि नळीचं आतलं अस्तर सुजतं. आवळलेला स्नायू सैल करणारं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. काही मिनिटांत गुण येतो, चार-सहा तास टिकतो, पण सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवणारं औषध म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, लहान मुलांत बहुधा ब्युडेसोनाइड. ते घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही, काम करायला दिवस-आठवडे लागतात, आणि म्हणूनच लोक ते सोडतात. मूल बरं दिसतं ते त्या औषधामुळे, आणि बरं दिसतंय म्हणून औषध बंद होतं. आम्हीही एकदा केलं. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच.

आम्ही दोन्ही पंपांवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय: 'त्रासाचा' आणि 'रोजचा'. रात्री तीनला, झोपेत, आजी असो की बाबा, चूक होत नाही.

'स्टेरॉइड' ऐकून पोटात गोळा येतो, माझ्याही आला. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. दहा किलोच्या मुलाला जोराच्या झटक्यात तोंडावाटे स्टेरॉइड दिलं तर दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम जातं, म्हणजे १०,००० ते २०,००० मायक्रोग्रॅम. रोजच्या पंपातून जातं ते साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, तेही थेट फुप्फुसात. ही नुसत्या वजनाची तुलना आहे, पण प्रमाण कळायला पुरेशी. उंचीवर परिणाम होतो का? थोडा होतो. वर्षानुवर्षं घेणाऱ्या मुलांत प्रौढपणी सुमारे एक सेंटिमीटरचा फरक आढळलाय. ते लपवू नये. मी त्याच्या उलट बाजूला वारंवारच्या झटक्यांत गेलेल्या रात्री आणि तोंडावाटे द्यावे लागणारे कोर्स ठेवले, आणि रोजचा पंप निवडला. 'पंपाची सवय लागते' हे मात्र खरं नाही. चष्मा लावल्याने डोळ्यांना चष्म्याची सवय लागते म्हणण्यासारखं ते आहे.

पातळ औषधातलं साल्ब्युटामॉल अजूनही भरपूर दिलं जातं. ते सावकाश काम करतं आणि हात थरथरणं, छाती धडधडणं जास्त होतं, कारण ते आधी पोटातून सगळ्या अंगात फिरतं. खोकला दाबणारी औषधं दम्यात निरुपयोगी आहेत. आणि क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिन हे सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेश आहे. घरातल्या उरलेल्या बाटल्यांची लेबलं वाचा. दम्यासाठी मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असेल तर मुलाची झोप, स्वप्नं, चिडचिड यांवर लक्ष ठेवा. मनावर होणाऱ्या परिणामांमुळे मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर ठळक इशारा छापायला लावला.

निदान पक्कं नसलं तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिने रोजचा पंप देऊन बघतात आणि मग थांबवून बघतात. औषधाने सुधारणा आणि थांबवल्यावर पुन्हा त्रास, हाच दम्याचा मोठा पुरावा. म्हणजे हा काळ वहीत नीट लिहायचा.

स्पेसर नीट वापरणं

पुष्कळदा औषध योग्य असतं आणि देण्याची पद्धत चुकते. लहान मुलाच्या तोंडात पंप थेट दाबला तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर बसतं. मध्ये स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची झडपेची पोकळ नळी, हवाच, चार वर्षांखाली मास्कसकट.

पंप जोरात हलवा. स्पेसरला जोडा. मूल मांडीवर, पाठ तुमच्या छातीला टेकलेली, डोकं ताठ. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, बारीक फट राहिली तरी बरंच औषध बाहेर जातं. एकदा दाबा. मग मुलाने पाच ते दहा साधे श्वास घेऊ द्या, झडप हलताना दिसते, ती मोजा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून. दोन पफ एकदम भरू नका. रोजच्या पंपानंतर मुलाला पाणी पाजा किंवा चूळ भरायला सांगा आणि मास्कखालचा चेहरा पुसा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

रडणाऱ्या मुलाला देऊन फायदा थोडा. रडताना श्वास सोडणं लांब आणि घेणं झटक्याचं, औषध आत जातच नाही. आम्ही आठवडाभर नुसता मास्क खेळायला दिला. आधी अस्वलाला पंप, मग बाबांना, मग त्याला. श्वास मोजायला 'चांदोमामा चांदोमामा भागलास का' म्हणायचो, ते कडवं होईपर्यंत दहा श्वास होतात.

स्पेसर आठवड्या-पंधरवड्याने कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाच्या थेंबात बुडवा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. पंप रिकामा झालाय का हे पाण्यात तरंगवून कळत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या, किंवा सुरू केल्याची तारीख लिहून पफ मोजा. स्पेसर घरी राहिला आणि मुलाला त्रास झाला तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाइतकं भोक पाडून तिचा स्पेसर करता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ही बाटली तपासून उपयोगी ठरवली आहे.

दवाखान्यातली 'वाफ', म्हणजे नेब्युलायझर, जास्त ताकदीची वाटते. साध्या आणि मध्यम झटक्यात नीट वापरलेला स्पेसर तितकंच काम करतो, तेही वीज नसताना आणि बसमध्ये बसल्या बसल्या.

पुण्यातलं घर, पुण्याची हवा

सगळं बदलायला जाऊ नका, दमाल. वहीत जे दिसतं ते बदला.

धूर सगळ्यात आधी. कॉइलबद्दल २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा. उदबत्ती, धूप आणि कापूर यांबद्दल सासूबाईंशी बोलणं मला अवघड गेलं. त्याच म्हणाल्या, "अगं, देवाला फूल चालतं की." आता आरतीला निरांजन लावतो, उदबत्ती दारात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकून धुरी देतात, तीही तान्ह्या बाळाच्या खोलीत नको. मिरचीच्या फोडणीचा खकाणा उडतो तेव्हा मूल स्वयंपाकघराबाहेर ठेवा. विडी-सिगारेट गॅलरीत ओढली तरी कपड्यांवरून आत येते.

पावसाळ्यात, विशेषतः जुन्या वाड्यांत आणि तळमजल्यावर, भिंतींना ओल येते. काळी बुरशी दिसली तर आधी गळती शोधा, वरून रंग देऊन ती थांबत नाही. गादीतले सूक्ष्म किडे याच दमट महिन्यांत वाढतात. चादरी-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, गोधड्यांना ऊन दाखवा, मऊ खेळणी पलंगावरून हलवा. केर ओल्या फडक्याने. दिवाळीआधी जळमटं आणि माळा काढतो तो दिवस मुलाने आजोळी घालवावा.

रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत पुण्याला नवीन नाही, १९५० च्या दशकात या तणाची भारतातली पहिली नोंद इथलीच. त्याचे परागकण काही मुलांना त्रास देतात. सोसायटीने ते फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावं.

थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो. त्यात पाचोळा आणि कचरा पेटलेला असतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची 'सफर' ही सेवा पुण्याच्या हवेचा अंदाज देते. आकडा वाईट असेल त्या दिवशी मैदानावरचा खेळ उन्हं वर आल्यावर. बांधकामाच्या रस्त्यांवरून मुलाला दुचाकीवर पुढे उभं करून नेणं शक्य तितकं टाळा. स्कार्फ धूळ अडवतो, धुराचे बारीक कण नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही खिडक्या लावून घरात बसतो. त्याला फुलबाजीची हौस आहे आणि मला दर वर्षी वाईट वाटतं.

केळं, दही, भात, आंबट सगळं बंद करायची गरज नसते. ठरावीक पदार्थाने दर वेळी अंगावर पित्त उठत असेल किंवा ओठ सुजत असतील तरच डॉक्टरांशी बोला. वाढत्या मुलाचं अर्धं ताट काढून घेऊ नका.

फ्लूची लस सहाव्या महिन्यानंतर दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

झटका आला तर

हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि आकडे तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मुलाला उठवून बसवा, आडवं ठेवू नका. कपडे सैल करा. 'त्रासाचा' पंप स्पेसरमधून दोन पफ, एकेक करून. वीस मिनिटांनी श्वास पुन्हा मोजा. फरक नसेल तर पुन्हा दोन, आणि वीस मिनिटांनी पुन्हा दोन. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागत असतील तर रुग्णालय. मूल वर्षाच्या आतलं असेल आणि पंप पुनःपुन्हा द्यावा लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा. घरी सुधारलं तरी चोवीस तासांत पूर्ण बरं नसेल तर दाखवा.

वीस मिनिटांची वाट न बघता निघायचं ते अशा वेळी: ओठ किंवा जीभ निळसर. बोलता, रडता, पिता येत नाही. मूल सुस्त किंवा भ्रमिष्ट. बरगड्या खोल ओढल्या जातायत. ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली (मोठ्यांचा ऑक्सिमीटर बारीक बोटावर चुकतो, तेव्हा नुसता आकडा चांगला म्हणून थांबू नका). आणि सर्वांत फसवं म्हणजे शिट्टी अचानक बंद होणं, पण मूल दमलेलंच. हवा जाणंच थांबलं की आवाजही थांबतो. १०८ ला फोन करा, आणि वाटेत पंप देत राहा.

रात्री बालरोग विभाग चालू असणारं जवळचं रुग्णालय कुठलं, हे आजच दुपारी शोधून ठेवा. गणपतीच्या दिवसांत रस्ते बंद असतात. मध्यवस्तीत राहत असाल तर विसर्जनाच्या रात्रीचा पर्यायी रस्ताही ठरवा.

बालवाडीत

एक पंप आणि स्पेसर नावासकट शाळेत ठेवा आणि ताईंना प्रत्यक्ष दाखवा, चिठ्ठी पुरत नाही. 'याला पळू देऊ नका' असं सांगू नका. दमा ताब्यात असेल तर मूल इतरांसारखं पळतं. पळताना थांबत असेल तर ती तक्रार डॉक्टरांकडे न्यायची.

औषध कमी कधी करायचं

दर महिन्याला वहीतून चार प्रश्न: आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? त्रासाचा पंप आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा लागला का? एकदाही रात्री दम्याने जाग आली का? खेळ एकदाही थांबला का? तीन-चारांचं उत्तर 'हो' असेल तर दमा ताब्यात नाही, आणि मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांसमोर पंप देऊन दाखवा, हातच चुकत असू शकतो. एकदोन 'हो' असले तरी बोलायला जा.

सगळी उत्तरं तीन महिने 'नाही' असली की डॉक्टर मात्रा उतरवतात. आपण मनाने नाही. आमच्या डॉक्टरांनी मार्चमध्ये, पावसाळा लांब असताना, अर्धी केली. जूनच्या तोंडावर किंवा डिसेंबरात हा प्रयोग करू नका. औषध पूर्ण थांबवलं तर तीन ते सहा आठवड्यांनी परत दाखवायचं, मूल ठणठणीत असलं तरी, आणि 'त्रासाचा' पंप तारीख बघून घरात ठेवायचाच.